चौथा प्लग

३ तारीख, सोमवार
सासरेबुवांची जुनी गाडी आपल्या दारात आली. चारपैकी तीनच सिलिंडर चालतात, त्यामुळे उचकी लागल्यासारखी धावते. रविवारी ते येऊन चक्कर मारणार. नीट चालली तर आमची, नाहीतर मेहुणा भंगारात घालणार. बायको ह्याच गाडीत लहानाची मोठी झाली. तिचा जीव अडकलाय गाडीत. मी म्हणालो, मी आहे ना! ती भाजी चिरायला निघून गेली. विश्वास, दुसरं काय.
गल्लीतला गॅरेजवाला गाडी बघून म्हणाला, चौथा स्पार्क प्लग गेलाय, लगेच बदलून देतो. त्याला वाटेला लावलं. बरणीचं झाकण उघडता येणाऱ्या माणसाला प्लग काय जड?

४ तारीख, मंगळवार
दिवसभर व्हिडिओ पाहिले. प्लग पाना आणला. हातमोजेही. प्रत्यक्ष कामाला वेळ उरला नाही, पण तयारी झाली म्हणजे निम्मं काम झालंच की.

५ तारीख, बुधवार
सकाळी : शुभारंभ. हात नीट पोचावा म्हणून चारही प्लगच्या वायरी उपसल्या. कुठली कुठे, ते डोक्यात पक्कं आहे.
संध्याकाळी : प्लग ढिम्म. पान्याला लांब पाइप जोडून लोंबकळलो. बायको खिडकीतून म्हणाली, अहो, तुम्ही घट्ट करताय. हसलो. समजावलं की इंजिनाच्या ह्या बाजूला उभं राहिलं की दिशा उलटी होते. ती म्हणाली, मग नळ पण पलीकडून उलटा फिरतो का? नळ आणि इंजिन यातला फरक समजावण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

६ तारीख, गुरुवार
प्लग निघाला! अर्धा. पांढरा चिनी मातीचा भाग हातात आला, आट्यांचा लोखंडी तुकडा इंजिनातच बसलाय. बायकोला सांगितलं, काम निर्णायक टप्प्यावर आहे. ती म्हणाली, गॅरेजवाल्याला बोलवा. मी ठणकावलं, मी शब्द दिलाय! तिने विचारलं, कुणाला?
विचार करतोय.

७ तारीख, शुक्रवार
ऑफिसला पाठदुखी कळवली. तुकड्यावर तेल ओतलं. पक्कड घसरली, बोट सोललं. स्क्रूड्रायव्हर वाकला. हल्ली लोखंडात दमच राहिला नाही.
म्हटलं, तीन सिलिंडर तर आहेत, पाहू सुरू करून. वायरी आठवणीने लावल्या. किल्ली फिरवताच असा बार उडाला की शेजारच्या काकू लाटणं घेऊन बाहेर. काळा धूर. एका अर्थी बरं झालं, इंजिनात अजून जीव आहे हे कळलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. धुरामुळे असावं. ती एवढंच म्हणाली, ही गाडी भंगारात गेली तर मी जन्मात विसरणार नाही. बायकांना जुन्या वस्तूंचा फार सोस.

८ तारीख, शनिवार
खूप विचार केला. गाडीचं आयुष्य संपलंय, आणि एखाद्याला सुखाने जाऊ द्यायलाही मोठं मन लागतं. सासरेबुवांसाठी छोटंसं भाषण तयार केलं. मग केस कापायला गेलो. परतलो तर गाडी जागेवर नाही! मेहुणा घेऊन गेला असणार. एकदम हलकं वाटलं. मग थोडं वाईटही वाटलं. बायकोही घरात नव्हती, त्यामुळे सांगायचं राहिलं.
संध्याकाळी ती आली. आली तशी स्वयंपाकाला लागली. मी गाडीचा विषय काढला नाही. दुःखात माणसाला छेडू नये.

९ तारीख, रविवार
सासरेबुवा टॅक्सीने आले. बायको सकाळीच कुठेतरी गेलेली. फाटकातच भाषण सुरू केलं : बाबा, मी जिवाचं रान केलं, पण ही गाडी सुरू करणं कुणाच्या बापालाही...
इतक्यात कोपऱ्यावरून गाडी आली. बायको चालवत होती. आवाज असा की दुधावरची साय मोडू नये. कालच तिने गाडी ओढून गॅरेजात नेली होती; गॅरेजवाल्याने तुकडा काढून नवा प्लग बसवला, वायरी जागच्या जागी लावल्या. सासरेबुवा पुढे बसले, मला मागे बसवलं. मोठी चक्कर झाली. बापलेक सारखे हसत होते. एकदा आरशात माझ्याकडे बघूनही.
घरी आल्यावर त्यांनी गाडी बायकोच्या नावावर करायचं ठरवलं. एकच अट : जावईबापूंनी बॉनेटला हात लावायचा नाही. बायको लगेच हो म्हणाली.
मीही घरातल्या शांततेसाठी अट मान्य केली आहे. मला कुणी विचारलं नव्हतं.