चुन्याखालचा ख्रिस्तोफर

नॉर्विच, ९ ऑक्टोबर १८७१

प्रिय हेस्टरताई, आणि तुझ्या चुलीपाशी बसून हे ऐकणाऱ्या साल्थॉर्पच्या सगळ्या मंडळींनो,

सप्रेम नमस्कार. ताई, खोकला कसा आहे? माझी इथे सोय बरी आहे. मासे ताजे मिळतात.

मंडळींनो, आपलं चर्च आपल्याला न विचारता सोलून काढलं, ही तुमची तक्रार इथवर पोचली. रास्त आहे. शहरातला वास्तुकार येतो, खापरपणज्यांनी चुना दिलेल्या भिंती छिन्नीने खरवडतो आणि वर सांगतो, हेच खरं जुनं रूप! त्या वास्तुकाराला, पेलसाहेबाला, तुम्ही घालता त्या शिव्याही ऐकल्या. त्या मी शाळेत शिकवलेल्या नाहीत, एवढं नक्की.

पण त्या शिव्या चुकीच्या माणसाला पडत आहेत.

चुना खरवडायचा ठराव माझा होता. तीन परगण्यांत मी गर्जत फिरलो: आपल्या पूर्वजांनी उघड्या दगडात देव पुजला, चुना ही मागाहूनची लबाडी! तुम्ही टाळ्या वाजवल्यात. केझिया म्हातारीने वाजवल्या नाहीत. तिची सवय तुम्हाला ठाऊक आहे. दक्षिणेच्या दारातून आत आलं की समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघून मान लववायची. तिची आई, आजीही तेच करायच्या. का, ते कुणालाच माहीत नाही. मी भर सभेत विचारलं, "केझिया, चुन्याला कसला गं नमस्कार?"

"तुझ्या भाषणाला मान हलवते ना, तसलाच," ती म्हणाली. "कळत काही नाही, पण हलवते."

तुम्ही हसलात. मला ते झोंबलं. पुढे गावोगावी मी तिला अडाणीपणाचा नमुना म्हणून मिरवलं.

गेल्या मंगळवारी त्याच भिंतीचं काम खालून सुरू झालं. चुना गळून पडला आणि एक पाय दिसला. उघडा, प्रचंड, पाण्यात रोवलेला, बोटांभोवती मासे. संत ख्रिस्तोफर, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. दारातून शिरताच त्याचं दर्शन घेतलं तर त्या दिवशी अवचित मरण येत नाही, ही जुनी श्रद्धा मी पुस्तकांत कितीदा वाचली होती. तीनशे वर्षांपूर्वी संतांची चित्रं न मानणाऱ्या धर्मसुधारकांनी ते चुन्याने झाकलं. मान लववणं तेवढं उरलं.

पेलने छिन्नी थांबवली. "उट्टिंगसाहेब, हे फार जुनं दिसतंय. थांबू या?"

ताई, मी म्हणालो, "चालू द्या." चित्र राहिलं असतं तर माझं प्रत्येक भाषण खोटं ठरलं असतं. संध्याकाळपर्यंत पाय गेला, मासे गेले. केझिया यायच्या आत तांबडी धूळ मी स्वतः झाडून काढली. हे वाक्य दोनदा वाच. तिला कमी ऐकू येतं.

आपले बुटके खांब सातशे वर्षांपूर्वीच्या नॉर्मनांचे. दक्षिणेची बाजू लोकरीच्या व्यापारातल्या पैशाची. मनोरा महामारीत गवंडी मेले म्हणून अर्ध्यावर राहिला आणि नातवांनी वेगळ्या दगडात पुरा केला. हे तुमच्या मुलांना मीच शिकवतो! दर पिढीने तिथे आपलं काही ठेवलं. खरवडून नेणारी पिढी आपली, आणि तिचा पुढारी मी.

परवा जमीनदारसाहेबांकडे गेलो. खर्च त्यांचा, हुकूमही त्यांचा. म्हणालो, काम थांबवा. ते हसले. "उट्टिंग, तुझं भाषण ऐकूनच तर मला पटलं. आता उलटं पटवून दाखव." मी टोपी उचलली. तिथून थेट इथे पळून आलो.

गुडघ्यापासून वरचं चित्र अजून चुन्याखाली शाबूत असेल: धड, चेहरा, खांद्यावरचं बाळ. ते खरवडायला परांची बांधून तयार आहे. पुढच्या सोमवारी सकाळी मजूर तिच्यावर चढतील.

म्हणून येत्या रविवारी प्रार्थना संपली की कुणाचीही परवानगी न मागता ती परांची उतरवा. दोर सोडा, वासे खांद्यावर घ्या आणि साहेबांच्या फाटकासमोर नेऊन रचा. मी येईन. मला बोलू देऊ नका. एक वासा उचलू द्या.

तुमच्यासमोर मान वर करायची लाज वाटणारा,
तुझा धाकटा भाऊ
जेबेझ