नव्या लाकडाची झीज

१४ ऑक्टोबर, दुपार
मुक्काम: जुने घर, तळमजला

चि. टिटवीस,

मामाचे साष्टांग आशीर्वाद. हा प्रकार कोणत्याही शास्त्रात सापडायचा नाही. परंतु अपराध्याने आशीर्वाद द्यावयाचा तर तो पालथे पडूनच द्यावा, असे माझे नम्र मत आहे. अपराध कोणता, ते यथावकाश निवेदन करतो.

मी क्षेमकुशल आहे. तुझी आईही क्षेमकुशल आहे. तिचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. तुला आता दोन पावले चालले की धाप लागते आणि उदरस्थ व्यक्ती अहोरात्र लत्ताप्रहार करते, असे जावईबापूंकडून कळले. चिंता नसावी. लत्ताप्रहार हा आपला कुलधर्म असून त्याची प्रात्यक्षिके तुझ्या आईने बालपणी माझ्यावर दीर्घकाळ केलेली आहेत.

हवा कोरडी आहे. रंग लवकर वाळतो. शेजारच्या शिंप्याने कुत्रे पाळले आहे. ते साऱ्या गल्लीला सोडून केवळ माझ्यावरच भुंकते, यावरून त्याची गुणग्राहकता दिसून येते.

येथवर वाचून तू म्हणशील, ‘मामा, मुद्द्यावर ये.’ येतो.

टिटवे, तुझी गॅलरी राहिली नाही. जिना राहिला नाही. वरचा मजलाच राहिला नाही. गेल्या आठवड्यात तो आम्ही उतरवला, आणि आजोबांचे हे दुमजली घर आता टोपी हरवलेल्या पेन्शनराप्रमाणे रस्त्याकडे केविलवाणे पाहत बसले आहे. ‘मामा, बाकी काहीही कर, पण दिवाणखान्यात डोकावणारी माझी गॅलरी तश्शीच ठेव, माझं बाळ तिथेच खेळणार आहे,’ असे तू प्रत्येक फोनवर बजावत होतीस, आणि मी प्रत्येक वेळी ‘आज्ञा शिरसावंद्य’ म्हणत होतो. आज्ञा शिरावर होती तोवर ठीक होते. पुढे शिरावर छप्परच उरले नाही.

हे फोनवर सांगता आले असते. परंतु फोनवर मी विनोद करतो, तू हसतेस, आणि विषय त्या हशात वाहून जातो. पत्रात हसायला समोर कोणी नसते. शिवाय सभांची इतिवृत्ते लिहिण्यात माझी हयात गेली. जे घडले तेच लिहावे, घडले तसेच लिहावे, हे माझे एकमेव व्रत. अडचण एवढीच, की येथे मला जे लिहावयाचे आहे ते अद्याप घडलेले नाही.

तर ऐक.

घराची डागडुजी मी कोणासाठी काढली, हे तू जाणतेस. माझी वंशवेल माझ्यापाशीच सुरू होते आणि माझ्यापाशीच खुंटते. कुळाची पुढची पाती म्हणजे तू, तुझे बाळ आणि त्याची बाळे. तुम्हां सर्वांना हक्काचे छप्पर असावे म्हणून मी कार्यालयातून दीर्घ रजा घेतली आणि आपले मिस्त्री, ज्यांना मी काष्ठमहर्षी म्हणतो, त्यांना पाचारण केले. त्यांनी जिन्याला नवा कठडा बसवला, रंधा मारला, पॉलिश केले. आम्ही घराला कुलूप घालून गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तो कठडा झिजलेला.

ओरखडे नव्हते. वर्षानुवर्षे हात फिरून लाकूड जसे मऊ आणि काळपट होते, तसे ते झाले होते. तेही वरच्या बाजूने नव्हे. खालच्या, माझ्या कमरेखालच्या पट्टीवर.

“मिस्त्री, हे जुने लाकूड लावलेत काय?”

“काय बोलताय साहेब! तुमच्यासमोर पट्टी कापली. भुसा अजून तिथं पडलाय बघा.”

“मग हे काय आहे?”

“तुम्हीच घासत बसला असाल. रजेवरच्या माणसाला दुसरं काय काम?”

हा युक्तिवाद मी मनातल्या इतिवृत्तात नोंदवून घेतला. मात्र पुढे दारांना पितळी मुठी बसवल्या, तर त्याही एका दिवसात उजळल्या. मोठ्या माणसाच्या उंचीवरून नव्हे, खालून, टाचा उंचावून कोणी पकडावे तशा. मग भिंतींना रंग दिला. सकाळी कुलूप काढून आत गेलो, तर पांढऱ्या भिंतीवर दारापासून खिडकीपर्यंत एक मळकट रेघ. पोरे पळताना भिंतीवर बोटे घासत नेतात ना, तशी. माझ्या मांडीच्या उंचीवर.

खिडक्या बंद होत्या. किल्ली माझ्या खिशात होती. मिस्त्रींनी शिंप्याच्या कुत्र्यावर संशय घेतला. परंतु कुत्र्याला बोटे नसतात, ही बाब मी त्यांच्या निदर्शनास आणून दिली.

मी रेघेवरून पुन्हा रंग दिला. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा उमटली, थोडी वर. पुन्हा रंग, पुन्हा रेघ, आणखी थोडी वर. तेव्हा मला उमगले, आणि टिटवे, खोटे कशाला सांगू, मला भय मुळीच वाटले नाही; मी चक्क नाचलो. इतरांच्या घरी पूर्वज येरझारा घालतात. आमच्या घरी वंशज आले होते! ज्यांच्यासाठी मी हे सारे मांडले, ते मुहूर्ताचीही वाट न पाहता राहायला आले होते. आपण जे नवे करावे त्यावर त्यांचा वापर उमटे. जुन्या भिंती जशाच्या तशा. झीज फक्त नव्यावर. मी रोज सकाळी चहाचा पेला घेऊन त्या रेघेसमोर बसू लागलो आणि तिला ‘काय महाराज, आज किती वाढलात?’ असे विचारू लागलो. त्या दिवसांत फोनवर तू म्हणाली होतीस, ‘मामा, तू फार खुशीत दिसतोस, लग्न ठरलं की काय?’ त्याचे कारण हे होते.

यानंतरचा मजकूर मी आज सकाळपासून टाळत आहे. मध्ये एकदा चहा केला, एकदा कुत्र्याकडे भुंकण्याची विनंतीही करून आलो. त्यानेही आज मौन पाळले आहे.

गॅलरीचे काम शेवटी निघाले. नवी जमीन, नवा कठडा, त्याला उभे दांडे. काष्ठमहर्षींनी सगळे आपल्या हातांनी घडवले आणि माझ्याकडून स्तुती वसूल करूनच घरी गेले. सकाळी पाहिले, तर रेघ जिन्याने वर चढून गॅलरीत गेली होती, कठड्यावरून नीट खिडकीपर्यंत. खिडकीजवळचा एक दांडा मात्र जागेवर नव्हता. तो खाली दिवाणखान्यात पडला होता.

“माझ्या हातचं काम असं कधी निखळत नाही,” मिस्त्री लाल होऊन म्हणाले. त्यांनी तो दांडा पुन्हा बसवला, वर लोखंडी पट्टी ठोकली. दुसऱ्या दिवशी पट्टी वाकलेली आणि दांडा खाली. पट्टी वाकली होती ती बाहेर, दिवाणखान्याच्या बाजूला. दांडा गेला की तेथे जी फट उरते, तिच्यातून मोठा माणूस जाणार नाही.

मी घाईघाईने खालच्या भिंतींना रंग दिला. सबंध घराला दिला. दुसऱ्या दिवशी भिंती स्वच्छ होत्या.

त्यापुढे मी किती वेळा रंगवले ते विचारू नकोस. एकही रेघ उमटली नाही. शेवटची रेघ माझ्या खिशाच्या उंचीवर होती, आणि वाढ तेथेच थांबली. उमटले ते दुसरेच काही. गॅलरीच्या नव्या जमिनीवर, त्या दांड्यासमोर, खुर्चीच्या चार पायांचे खळगे. त्यांच्यापुढे एक झिजलेला डाग. कोणी बसून उजवी टाच जमिनीवर घासत राहावी असा. एकच टाच. रोज तो डाग खोल होत होता.

मी तुझ्या आईला बोलावले. का, ते तिला सांगितले नाही. ती गुडघ्याला शिव्या घालत जिना चढली.

“अरे शहाण्या, मला वर कशाला आणलंस? नवी जमीन दाखवायला? आणि ही कसली नवी? ही तर पार उखडलीय.”

“ताई, नीट बघ. कोणीतरी इथे बसतं.”

“बसतं तर बसू दे. तुझ्या त्या मिस्त्रीला सांग, खुर्चीखाली काहीतरी…” ती वाकली. गुडघा विसरून खाली बसली. त्या डागावर तिने हात ठेवला आणि सवयीने म्हणाली, “ही कार्टी, किती वेळा सांगितलं, एक पाय पोटाशी घेऊन बसू नकोस म्हणून…”

आणि ती थांबली.

तुला टिटवी हे एका पायावर उभ्या राहणाऱ्या पाखराचे नाव तिनेच ठेवले, याच खोडीवरून. तू शाळेत, जेवताना, पाहुण्यांसमोर, कोठेही डावा पाय पोटाशी घेऊन उजवी टाच घासत बसायचीस. तुझ्या टाचेने आमची एक सतरंजी फाडली होती.

ताईने खुर्चीच्या खुणा पाहिल्या. मग वर पाहिले, त्या दांड्याकडे. त्याच्यापलीकडे खाली दिवाणखान्याची फरशी दिसत होती.

“ती इथून खाली बघत बसणार,” ताई म्हणाली. “वर्षानुवर्षं.”

मी खुर्चीचे खळगे पुन्हा मोजले. चारच होते.

“एकटी?” तिने विचारले.

“खुर्ची एकच आहे, ताई.”

“पाड.”

“तिला काय सांगायचं?”

“ते तू बघ. जन्मभर शब्दांचा धंदा केलास ना? आता एकदा खरा माल विक.”

मी मजला उतरवायला सांगितल्यावर मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. “आधी बांधायचं, मग पाडायचं. तुमच्या ऑफिसात असंच चालतं का, साहेब?” मी म्हणालो, नेमके असेच चालते. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. पण पाडताना तो एक दांडा त्यांनी स्वतः काढला, अंगणात नेला आणि त्याचे तुकडे केले.

आता मूळ प्रश्न. गॅलरी गेली म्हणजे ते टळले काय? मला ठाऊक नाही. ‘ते’ म्हणजे काय, तो शब्द मी लिहिणार नाही; माझ्या लेखणीतून आजवर हजारो निरर्थक शब्द गेले, हा एक जाणार नाही. कदाचित गॅलरीच तेवढी वाईट होती. कदाचित हे घरच तसे आहे, आणि एक वाट बंद केली तर ते दुसरी शोधील. हे जाणण्याचा मार्ग सोपा होता: खालच्या खोल्यांना नवी जमीन करावी, सकाळी यावे आणि वाचावे. रेघ किती उंच गेली, खुर्ची कोठे आली, एका दिवसात सारे कळले असते.

जमीन मी केली. भिंती रंगवल्या. आणि वाळण्यापूर्वीच जमिनीवर गोणपाट अंथरले, भिंतींवर चादरी टांगल्या. मी पाहिलेले नाही, आणि पाहणार नाही. ताई म्हणाली, “भित्रा आहेस.” आहे. पण विचार कर: चादर उचलली, आणि रेघ पुन्हा माझ्या खिशाशी थांबलेली दिसली, तर मी तुझ्याशी यापुढे काय बोलायचे? आणि ती छपरापर्यंत गेलेली दिसली, तर तुम्ही येऊन राहाल, आणि मी रोज त्या पोराच्या उंचीकडे निश्चिंतपणे पाहत बसेन. जगण्यातली अर्धी काळजी गेली तर त्या पोरावर लक्ष कोण ठेवील?

म्हणून निर्णय तुझा. घर तुझ्या नावे आहे. राहा, विक, पाड, किंवा चादरी काढून पाहा. तू जे करशील त्याला माझी संमती आहे. मी रागावणार नाही, रडणार नाही, आणि शक्य तोवर विनोदही करणार नाही.

एक गोष्ट तेवढी सांगितली पाहिजे, नाहीतर इतिवृत्त अपुरे राहील. हे पत्र लिहायला कागद आणण्यासाठी मी मघाशी दरवाजाकडे गेलो. पुढच्या दारातून आत आले की पहिले पाऊल जेथे पडते, तेथे गोणपाटाखाली माझा पाय किंचित खचला. मी गुडघ्यावर बसून तळहात टेकला. जमीन तेथे वाटीसारखी खोलगट झाली आहे. पुष्कळ वर्षे, पुष्कळ वेळा, कोणीतरी या घरात आत येत राहिले आहे. पावले मोठी की लहान, एका माणसाची की दोघांची, हे गोणपाटावरून कळत नाही. कोपरा उचलला असता तर कळले असते. माझा हात कोपऱ्यापर्यंत गेला होता.

तो मी परत घेतला आणि हे लिहायला बसलो.

स्वतःला जप. जिने चढू नकोस, इतर कोणाचेही.

तुझ्या येण्याची अहोरात्र आस असूनही ‘ये’ हे एक अक्षर लिहू न धजणारा,
तुझा मामा