तोफ आणि वालाची उशी

५ जानेवारी

तोफ पलंगावर, मी खाली चटईवर. कॅमेऱ्याच्या लेन्सला जमिनीची ओल लागून बुरशी धरते म्हणे. लालबागला चौथ्या मजल्यावर कसली ओल? आणि असलीच तर मला धरली तर चालते.

सांगते मी, लिहितात हे. मला अक्षर येत नाही. लग्न झाल्यावर माझी माहेरची पत्रं हेच लिहायचे, आता रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी माझी रोजनिशी. स्वतःविरुद्धचं हळूच गाळतात, म्हणून शेवटी वाचून घ्यायचं. आज ‘तोफ’ खोडून ‘लेन्स’ केलं होतं. परत तोफ करायला लावलं.

११ जानेवारी

पहाटे शिवडी. मला का नेतात? टॅक्सीतून उतरवताना पिशवी, पाण्याची बाटली, स्टूल. हे सगळं कोण धरणार? तोफ मात्र स्वतः. पाच महिन्यांच्या पोराएवढी जड. नातू तान्हा होता तेव्हा घ्या म्हटलं की ह्यांची कंबर धरायची.

टॅक्सीवाला: “बाबा, पिक्चर का शूटिंग है क्या?”
हे: “पक्षी.”
तो: “पक्षी के लिए इतना बडा?”
माझ्या मनातलं बोलला.

चिखलात फ्लेमिंगो पसरलेले. गुलाबी, माना खाली घालून एका पंगतीत जेवणारे. मला तेवढ्यानेच बरं वाटलं. ह्यांना नाही. ह्यांना एकाच पक्ष्याचा डोळा पाहिजे. “डोळा चकचकीत आला पाहिजे, नाहीतर फोटो मेलेला.” म्हटलं, माझ्या डोळ्यात कधी बघितलंत? “तू हलतेस.”

१४ जानेवारी

धक्क्याच्या कठड्यावर तोफ टेकवायला उशी लागते. बाजारातली आणली ती पहिल्याच दिवशी उसवली, आतल्या पांढऱ्या गोळ्या खाडीभर. हे तोंड पाडून बसले. म्हणून मी शिवली. जुन्या लुगड्याची, दुहेरी टाके, आत माहेरहून आलेले कडवे वाल. तोफ ठेवली की कोंबडी अंड्यावर बसावी तशी बसते.

“छान झालीय,” म्हणाले. हे आपणहून लिहिलं त्यांनी. मी सांगितलं नव्हतं.

२२ जानेवारी

पलंगाखालून वास. आधी वाटलं उंदीर. काठीने ओढलं तर उशी. टाक्याटाक्यातून हिरवे कोंब बाहेर.

ह्यांनी भरतीच्या पाण्यात भिजवून आणली आणि ओरडा बसेल म्हणून पलंगाखाली सारली. बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस. ओल्या कापडात वाल बांधून अंधारात ठेवले की काय होतं हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागतं? दर श्रावणात बिरडं ओरपतात ते कुठून येतं असं वाटतं ह्यांना?

एवढे सुंदर मोड, आणि खायची सोय नाही. शिवडीच्या खाडीचं घाण पाणी. मेघना, माझी सून, हसून हसून खाली बसली. चार दाणे गॅलरीतल्या डब्यात टोचले, बाकी फेकले. उशीत आता चिंध्या भरल्यात. चिंध्यांना मोड येत नाहीत. बघू, ह्यांच्या हाती येतीलही.

३० जानेवारी

टॅक्सीच्या डिकीतून तोफ उचलताना म्हणाले, “अगो, जरा धर.”

तोफ मला धर म्हणाले. तेव्हाच समजले. घरी येईस्तोवर उजवा हात वर होईना. बुशशर्ट मेघनाने काढला. दुखतं का विचारलं तर “नाही, जड वाटतंय.”

आज मेघना लिहितेय. कालपर्यंत वाटायचं, हे गाळतात. आज गाळायला कोणी नाही तर शिव्याच सुचत नाहीत.

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई तरुण, गोड. “आजोबा, काय उचलता?” “काही नाही, कॅमेरा.” बाईंनी आपला मोबाईल दाखवला, “एवढाच ना?” मी दोन्ही हात पसरून दाखवलं. त्या हसायच्या थांबल्या. खांद्याचा स्नायू दुखावलाय. वजन बंद. ऐकलं नाही तर ऑपरेशन, आणि ह्या वयात हात पूर्वीसारखा होईल की नाही सांगता येत नाही म्हणाल्या.

परतताना टॅक्सीत हे: “ओहोटी सकाळची आहे ह्या आठवड्यात, पक्षी चिखलात उतरतील.”
काय बोलायचं ह्या माणसाशी.

१९ फेब्रुवारी

हात अडकवलेली गळ्यातली झोळी निघाली. व्यायाम करतात, म्हणजे भिंतीवर बोटं चढवतात आणि मध्येच थांबून बाहेरची घार बघतात.

मेघनाने दुकानातून हलकी लेन्स बघायला आणली. पटली तर तोफ दुकानदाराला देऊन ही ठेवायची. मी उचलून बघितली. लोणच्याची छोटी बरणी. म्हटलं, सुटलो. पलंग माझा.

ह्यांनी हातही लावला नाही. “प्लास्टिक आहे.”

२२ फेब्रुवारी

मेघना लिहितेय. हे खाली पेपर वाचायला गेलेत.

सकाळी मीच म्हटलं, एकदा लावून तर बघा. गॅलरीत उभे राहिले. समोरच्या टाकीवर कावळा. मी मागच्या छोट्या पडद्यात बघत होते. कावळा नुसता थरथरत होता. डोळा सोडा, चोच जागेवर राहीना.

“वारा आहे,” म्हणाले.

समोर दोरीवर कापडं होती. एक टोक हलत नव्हतं.

माझ्याकडे बघितलं त्यांनी. मी म्हटलं, “हो, आहे थोडा.”

मग तोफ लावली, कठड्यावर उशी ठेवून. कावळा गप्प. वजनाखाली हात बसतो. म्हणून तोफ सोडवत नाही. आणि मी आपली महिनोन्महिने जडपणावरून बोलतेय.

मेघना विचारते, आई, हात कधीपासून थरथरतोय? काय सांगू. हल्ली चहा अर्धा कपच दे म्हणतात. साखर कमी करायची म्हणून. मी शहाणी, मला ते खरं वाटलं.

हे पान त्यांना वाचायला द्यायचं नाही. मेघना, वही तुझ्याकडे ठेव.

१ मार्च

आज परत हे लिहितायत, नव्या वहीत. हळू. मी पण हळू सांगतेय. दुकानाला सोमवारी उत्तर द्यायचंय, कोणती लेन्स ठेवायची. घरात कोणी विषय काढत नाही. डब्यातले वाल गॅलरीच्या गजाला लागलेत, त्यावर मात्र भरपूर बोललो.

४ मार्च

शिवडी. तोफ टॅक्सीवाल्याने आणि मी मिळून धक्क्यावर नेली, ह्यांनी नुसती टोपी. कठड्यावर पोरांची गर्दी, उशी ठेवायला जागा नाही. वाद घालायला निघाले, मी थांबवलं. मीच स्टुलावर बसले, उशी माझ्या खांद्यावर घेतली. म्हटलं, ठेवा.

“अगो, लोक बघतायत.”
“बघू दे. त्यांनी पण बायका आणायच्या होत्या.”

ठेवली. लहानपणी विहिरीवरून हंडे आणले त्या खांद्याला हे काहीच नाही. पण हंडा बोलत नाही. हे कानाशी सारखे. हलू नकोस. डावीकडे. अगो डावीकडे. श्वास रोख. म्हटलं, माझ्या वयात एकदा रोखला की परत सुरू होईल ह्याची खात्री द्या. फटाफट फोटो निघाले, कान बधिर.

एक फोटो नीट आला. पिवळा डोळा, मध्ये काळा ठिपका, त्यात खाडी चमकतेय. मला मोठा करून दाखवला. कोपऱ्यात पांढरं धुरकट काहीतरी. म्हटलं, हा कुठला पक्षी?
“तुझे केस.”
काढून टाकता येतं म्हणे. काढलं नाही अजून.

६ मार्च

उद्या सोमवार.

माझं म्हणणं साधं आहे. तोफ राहू दे. पलंगावर राहू दे. मी स्टुलावर बसेन, जून लागून पक्षी जाईपर्यंत, आणि पुढल्या वर्षी परत येतील तेव्हाही. पण आधी हात डॉक्टरला दाखवायचा. खांदा नव्हे, हात. वारा नव्हता त्या दिवशी. मला तेव्हाच दिसलं होतं. तुमचा हात दाखवून या, मग माझा खांदा मिळेल.

लिहा ना.

पेन थांबलंय. माझ्याकडे बघत नाहीत, गजावरच्या वालाकडे बघतायत. फूल धरलंय त्याने.

मी कुठे जात नाहीये. पेन थांबलं, हेही लिहा म्हटलं.