झोपलेल्या खारी आणि कानावर घालायची बातमी

अल्माती,
नाउरिझच्या सणानंतरचा सोमवार

आदरणीय झुमाघाली साडूबुवांस,

तुमची जनावरं आणि तुमची माणसं सुखरूप आहेत ना? (जनावरं म्हणजे तुमच्याकडे ती एक पांढरी गाडीच, हे मला ठाऊक आहे. पण रीत ती रीत, आधी जनावरांची चौकशी.) कुल्याशताईंचे गुडघे काय म्हणतात? तुमच्याकडचा बर्फ वितळला का? आता लग्नांचा मोसम सुरू होईल आणि रोज कुणाच्या तरी मांडवात बोलून बोलून तुमचा घसा बसेल, तेव्हा आत्तापासूनच गरम दुधातून मेंढीच्या शेपटीची चरबी घेत चला. माझी तब्येत बरी आहे. राबिगा गेल्यापासून चहात दूध घालायचं विसरतो, तेवढंच.

फोन सोडून मी पत्र का लिहायला बसलो, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो. पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. आपल्याकडे म्हणतातच, साडूला साडू दिसला की डोकं खाजतं. माझं तर हिवाळाभर खाजतंय, आणि त्याला कारण तुम्ही आहात. थंडीच्या तोंडावर राबिगा गेली, त्याच आठवड्यात केगेनला तिच्या आईच्या, म्हणजे आपल्या सासूबाईंच्या, आपांच्या, काळजाला यंत्र बसवलं होतं. डॉक्टर म्हणाले, वसंतापर्यंत म्हातारीला धक्का नको. मातीवरून परतल्यावर सगळे माना खाली घालून बसले होते, तेव्हा तुम्हीच उठलात आणि म्हणालात, "काळजी नको, राबिगा जपानला गेली आहे." मग तुम्हाला थांबवणं कुणाला जमणार? तिथल्या प्रयोगशाळेत बिळातल्या खारी थंडीभर झोपलेल्या असतात, आवाजाने त्या जागतील म्हणून फोन बंद, एप्रिलमध्ये खारी उठल्या की राबिगा परत, इथपर्यंत तुम्ही एका दमात पोचलात. त्या वेळी मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. खारी खऱ्याच होत्या, फक्त त्या जपानात नव्हत्या, इथे अल्मातीतच राबिगाच्या संस्थेत होत्या. पण एप्रिल येतो, हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत. आता तो तोंडावर आला आहे, आणि आपांना कुणीतरी सांगायला हवं.

तोपर्यंत दर शुक्रवारी आपांना फोन करून जपान जिवंत ठेवायचं काम माझ्याकडे आलं. (तुम्ही म्हणाला होतात, "तू गप्प माणूस, तुझ्या तोंडून काही निसटणार नाही.") पहिले दोन-तीन शुक्रवार बरे गेले. मग आपांनी विचारलं, "काय करते रे ती तिथं?" मी म्हटलं, "काम." "कसलं काम?" "मेंदूचं." लग्न झाल्यापासून मी सगळ्यांना हेच उत्तर देत आलो आणि सगळ्यांचं त्यावर समाधान होत आलं. आपांचं झालं नाही. त्या म्हणाल्या, "मेंदूचं म्हणजे? मेंढीचं डोकं सोलतात तसलं?" मी कालव्यांवर नोकरी केलेला माणूस. पाण्याला काही समजावून सांगावं लागत नाही, उतार दिला की ते आपलं आपण जातं. मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी सांगतो.

तर मी राबिगाच्या संस्थेत गेलो. निमित्त होतं तिचा कोट आणि चहाचा पेला आणायचं. तिच्या हाताखाली काम करणारी मोल्दिर नावाची मुलगी आहे, मातीला आली होती, तुम्ही तिला कुणाची तरी सून समजून आशीर्वाद दिला होता ती. तिने विचारलं, "आगा, तुम्हाला कुठपर्यंत माहीत आहे?" मी म्हटलं, "खारीपर्यंत." तिने स्टूल ओढलं आणि खारीच्या पुढचं सांगितलं. मेंदू म्हणे हवा फार खातो, आणि चूल तिथे ठिणगी आलीच. त्या ठिणग्यांपासून पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. (जखमेवर ओतलं की फेसाळतं, तेच. कुल्याशताई पूर्वी केस पिवळे करायच्या, तेही त्यानेच, पण हा भाग त्यांना वाचून दाखवू नका.) ते साठलं तर पेशी जळते, म्हणून ते विझवणारी विकरं पेशीतच असतात. इतकी वर्षं लोकांना वाटायचं की ही विकरं म्हणजे आगीचा बंब. आला, विझवलं, गेला. राबिगाचं काम याच्या पुढचं होतं. त्यातलं पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाचं एक विकर नुसतं विझवून थांबत नाही. तो डंख ते आधी स्वतःच्या अंगावर घेतं, मग स्टॅट-थ्री नावाच्या निरोप्या प्रथिनाचा हात धरतं आणि डंखाची खबर त्याच्या हवाली करतं. त्या निरोप्याला पेरॉक्साइड थेट भेटलं तरी धड ऐकू येत नाही. याने हात धरला की येतं, आणि मग पेशी आपलं काम बदलते. मी विचारलं, "म्हणजे जो विझवतो तोच सांगतो?" मोल्दिर म्हणाली, "हो आगा. पण विझवायचं कधी आणि सांगायचं कधी, हे ते कसं ठरवतं, तेच बाई शोधत होत्या." हे ऐकता ऐकता कोट आणि पेला तिथेच राहिला, म्हणून पुढच्या आठवड्यात परत जावं लागलं. (तिसऱ्यांदाही विसरलो, तेव्हा मोल्दिर हसली.)

शुक्रवारी आपांना हे सगळं सांगितलं. पेरॉक्सिरेडॉक्सिन हे नाव मी कागदावरून वाचलं तरी दोनदा अडखळलो. आपा म्हणाल्या, "पेरिझात म्हण की सरळ. आमच्या शेजारी एक होती, तीही मधल्यामध्ये निरोप न्यायची." तेव्हापासून ती पेरिझात. स्टॅट-थ्री झाला स्टाटबाय. आपांचं त्याच्याविषयी मत चांगलं नाही ("नावावरूनच आळशी दिसतो"). त्या दोघांचं लग्न झालंय का, हे आपांना आधी कळायला हवं होतं. मोल्दिरला विचारून मी कळवलं की नाही, ती क्षणभर हात धरते आणि सोडते. आपांना हे फारसं पसंत पडलं नाही. पुढच्या खेपेला त्यांचा प्रश्न, डंख फारच झाले तर पेरिझात काय करते? हेही मी विचारून आलो. फार झाले तर तिचा हातच बधिर होतो. मग तिला विझवता येत नाही आणि सांगताही येत नाही. हात पुन्हा हलता करणारं वेगळं विकर आहे, पण ते सावकाश काम करतं. आपा म्हणाल्या, "अशी माणसं मी पाहिलीत. त्यांना घाई करून उपयोग नसतो. बोलतं ठेवावं."

खरं सांगायचं तर आता मी शुक्रवारची वाट पाहतो आणि बुधवारी संस्थेत जातो. नाउरिझच्या आधीच्या बुधवारी मोल्दिरने मला खारींच्या थंड खोलीत नेलं. माझ्या खिशात कालव्याच्या दरवाज्यांच्या जुन्या किल्ल्यांचा जुडगा असतो (दरवाजे बदलले, पण जुडगा कुणी परत मागितला नाही). रुमाल काढायला गेलो आणि जुडगा खणकन फरशीवर पडला. एका पेटीत गोळा होऊन पडलेली खार हलली. मोल्दिर कुजबुजली, "आगा, ही एप्रिलमध्ये उठायची होती." मग आम्ही दोघं बघत बसलो. आधी मिशा हलल्या, मग ती थरथरायला लागली. पुढचं अंग तापलं तरी मागचं गारच. मोल्दिर म्हणाली, गोठलेल्या मेंदूत या वेळी एकदम इतकी हवा शिरते की आपला मेंदू असता तर जळून गेला असता. हिचा का जळत नाही, पेरिझात (मोल्दिरही आता तेच म्हणते) त्या घटकेला किती हात धरते, ते मोजायचं राबिगाने काढलं होतं. मोजणं अर्धं झालंय, पुढचं मोल्दिर करते आहे. शेवटी खार उठून बसली, सूर्यफुलाचं एक बी खाल्लं आणि माझ्याकडे बघितलं. जेवणाच्या पंगतीत तुमचं भाषण कुणी मध्येच थांबवलं की तुम्ही ज्या नजरेने बघता, तीच नजर.

हे मी शुक्रवारी आपांना रंगून सांगितलं. मिशांपासून बीपर्यंत सगळं. सांगून झालं आणि तिकडून आवाज आला, "तू जपानला कधी गेलास?"

मी म्हटलं, "बुधवारी."

"आणि आलास कधी?"

"बुधवारीच."

मग त्या म्हणाल्या, "खार बरी आहे ना पण?" मी म्हटलं, बरी आहे. "मग झालं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. तुम्ही बांधलेल्या जपानला असं भगदाड माझ्या हातून पडलं, हे तुमच्या कानावर असावं म्हणून हे पत्र. बाकी विशेष काही नाही. कुल्याशताईंना आदराने विचारलं म्हणून सांगा.

तुमचा धाकटा साडू,
सेइलखान

ता. क. विशेष आहे. डॉक्टर म्हणतात, आता सांगायला हरकत नाही. तुम्ही या. मी शेलेकच्या बसथांब्यावर उभा राहीन, तिथून दोघं केगेनला जाऊ. रीतीप्रमाणे चार वडीलधारी माणसं धाकटा मेहुणा जमवेल. आपण आपांसमोर बसू आणि बातमी तुम्ही कानावर घाला, सासऱ्यांच्या वेळी घातलीत तशी, दुरून सुरुवात करून, हातावरचा ससाणा उडून गेला तो फिरून आला नाही, असं. मी शेजारी बसेन. राबिगा गेली हे वाक्य माझ्या तोंडातून अजून एकदाही निघालेलं नाही. वर लिहिलं आहे, पण लिहिणं वेगळं.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून उघडलं. आत्ता आपांचा फोन आला, शुक्रवार नसताना. त्यांना पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे. धाकटी सून दर शुक्रवारी मेलेल्यांच्या नावाच्या पोळ्या, शेल्पेक, तळते आणि डोळे पुसते. आपा म्हणाल्या, "माझ्या मेलेल्यांच्या नावाने या घरात एवढं तेल कधी जाळलं नव्हतं. मी म्हातारी आहे, नाक शाबूत आहे." मी विचारलं, मग मला इतकं विचारत का होतात? म्हणाल्या, "पोरा, इतक्या वर्षांत तू मला 'बरं आहे' याच्यापुढे काही बोलला नव्हतास. आणि माझी लेक काय करत होती, तेही मला कुणी सांगितलं नव्हतं."

म्हणजे आता यायची गरज नाही, असं समजू नका. मीही तसंच समजलो होतो, तर त्या रागावल्या. त्यांना ठाऊक आहे, पण त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि ज्याला सांगितलं नाही त्याला मोठ्याने रडता येत नाही. राबिगासाठीचं विलापाचं गाणं त्यांनी कधीच जुळवून ठेवलंय आणि हिवाळाभर ते तोंडात धरून बसल्यात. तेव्हा या. फक्त ससाणा आणू नका. आपांचा निरोप आहे तसाच देतो: "माझा नवरा ससाणा, भाऊ ससाणा, पुतण्या ससाणा, त्या झुमाघालीने घरातले सगळे ससाणे उडवले. राबिगाने जन्मात साधी कोंबडी धरली नाही. मला पेरिझातपासून सांगा."

आणि ते तुम्हाला येत नाही, मला येतं. तेव्हा बोलेन मीच. तुम्ही माझ्या उजवीकडे बसा, आणि मध्येच मी अडलो तर हात धरा, बोलू नका. (तुम्हाला जड जाईल, हे मी जाणून आहे.)