उतारावर सरकलेली गाडी

कळमनुरी, रविवार संध्याकाळ, मे २००७

आजचं लिहूनच ठेवते.

लकव्यानं यांचा डावा पाय गेला, म्हणून भाच्याची ही क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. हे पुन्हा माणसांत आले. आज जवळा बाजारला नणंदेकडे गेलो. तिच्या दारात उतार. यांनी ब्रेकवर गाडी थांबवली, दार उघडलं आणि काठी टेकत उतरू लागले. इंजिन चालू, गिअर ‘डी’वरच, म्हणजे पुढं जायच्या खुणेवर! आवाज इतका बारीक, की बंद झाली असं वाटलं असणार. ब्रेकवरचा पाय निघाला तशी गाडी सरकली. समोर नणंद, पाण्याचा तांब्या घेऊन. मी बाजूनं हँडब्रेक ओढला. तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

“काहून घाबरून राहिली? थांबली ना,” हे म्हणाले. पण ओठ पांढरे पडलेले.

येताना यांनीच चालवली. चावी लपवू का? मग यांचं बाहेर पडणंच संपलं. आणि नाही लपवली तर? ती वीत डोळ्यांपुढून हलत नाही.

घरी आल्यावर अंगणात मी यांना उतरूच दिलं नाही. “आधी म्हणा, काय करायचं.”

“ब्रेक दाबून ठेवायचा. गिअरचा दांडा ‘पी’वर, उभं करायच्या खुणेवर. हँडब्रेक. चावी बंद करून काढायची. मग पाय उचलायचा.”

पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. शेवटी यांनी चावी माझ्या हातात ठेवली. “तूच ठेव. जायचं असलं की मागत जाईन.”

लग्नापासून या माणसानं मला कधी काही मागितलं नाही. चावी घेतली मी. बरं केलं का?