कालवणातलं मीठ

आई,

तुम्ही पालीला गणपतीसमोर बसला असाल, तेव्हाच दवाखान्यातून फोन आला. तिसऱ्या खेपेलाही गर्भ राहिला न्हाय. तुमचा लेक विनेश बोटीवर हाय, त्यालाही अजून सांगितलं न्हाय.

चार वर्षांपूर्वी तुम्ही नवस बोललात, नातवंड होईस्तोवर मासा खाणार न्हाय. दिवसभर बोर्लीच्या बाजारात सुरमई विकायची आणि घरी डाळभात जेवायचा. कालवण अजून तुम्हीच रांधता, पण मीठ बघायला मला हाक मारता. मी तळहातावर थेंब घेऊन चाटते, तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहता. इंजेक्शनापेक्षा ते जास्त लागतं मला.

दमले मी, आई. पोटावर टोचायला जागा उरली न्हाय. मला थांबायचंय. पण मी थांबले तर तुमचा मासा कायमचा सुटला. म्हणून मघाशी डॉक्टरांना चौथ्या खेपेला हो म्हटलं.

हे पत्र काय तुम्हाला देणार न्हाय. प्रसाद हातावर ठेवून तुम्ही विचाराल, "पूर्वी, बरी हायस ना?" परवा कालवण पार अळणी झालं होतं. तरी म्हटलं होतं ना मी, बरोबर हाय? तसंच म्हणेन.

तुमची सून,
पूर्वी