डाव्या बाजूचा फुगवटा

३ सप्टेंबर, सकाळी ९.१०

नवी वही. निश्चय तीन. एक, राग आवरायचा. दोन, संग्रहालयातल्या तिला मॅडम म्हणणं बंद करायचं. तीन, ताईने कॉलेजचा विषय काढला की ताटावरून उठायचं नाही, शांतपणे मुद्दा पटवून द्यायचा.

संग्रहालय, तळमजला, कीटक विभाग. माझं पद हंगामी मदतनीस. हंगामी हा शब्द कागदापुरता. काम : वाळलेले तुडतुडे कागदाच्या त्रिकोणी चिठ्ठीच्या टोकावर डिंकाने बसवणे, चिठ्ठीत टाचणी, टाचणीत लेबल. तुडतुडा म्हणजे गवताचा रस पिणारा, तांदळाच्या दाण्याहून लहान, हात नेला की टुणकन उडणारा जीव. दिवसाला चाळीस बसवतो. भुंगेवाला म्हणतो, साठ व्हायला हवेत. हा शेजारच्या टेबलावर भुंग्यांवर पीएचडी करतो. त्याचा भुंगा शर्टाच्या बटणाएवढा. त्याने मला आकडे सांगू नयेत.

४ सप्टेंबर

तिचा विषय लिहून ठेवतो. तुडतुड्यांचा एक जीनस. जीनस म्हणजे घर म्हणू, स्पीशीज म्हणजे घरातली माणसं. या घरात आजवर तीनच माणसं ठाऊक आहेत आणि चौकशी करायला कुणी फिरकलं त्याला साठ वर्षं झाली. अख्ख्या जगात या घराची काळजी तिला एकटीला. आणि आता मला.

ती पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला, मी दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलेला. हा फरक वरवरचा आहे. मी नापास झालो नव्हतो. प्रॅक्टिकलला परीक्षक म्हणाले, झुरळाला पाच पाय कधीपासून? मी म्हणालो, समोर जे दिसलं ते काढलं. ते म्हणाले, अरे तुझ्या झुरळाचा एक पाय तुटलाय. मी जर्नल टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो. तत्त्वाचा प्रश्न होता.

६ सप्टेंबर, दुपारी

आज ती आपणहून बोलली. म्हणाली, अरे, डिंक कमी लाव, पोटं झाकली जातायत. इतक्या बारकाईने माझ्या कामाकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

निश्चय क्र. २ मध्ये अडचण. मॅडम नाही तर काय? अहो म्हटलं तर भुंगेवालाही वळून बघतो. अगं जिभेवर येऊन अडतं. शेवटी तिचं लक्ष वेधायला नुसता खोकलो. तिने मला खिडकीजवळ बसायला सांगितलं. नमुन्यांवर खोकू नको म्हणाली.

८ सप्टेंबर

भुंगेवाल्याने मशीनवरून चहा आणला. दोन कप. खोलीत माणसं तीन.

ड्रॉवर जरा जोरात बंद झाला. नऊ तुडतुड्यांच्या मिशा गळाल्या. सर म्हणाले, ब्रशने उचल आणि ज्याची त्याला चिकटव. सर विभागप्रमुख आहेत, आवाज कधीच चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही. कुठली मिशी कुणाची हे अंदाजाने ठरवलं. याला नजर असावी लागते.

१० सप्टेंबर

ओळख पटवण्याची रीत शिकलो. शिकवली कुणी नाही, तिच्या खांद्यामागून पाहिली. छापील प्रश्नांचा तक्ता असतो. डोकं लांब की आखूड? लांब असेल तर प्रश्न चारवर जा. असं जात जात शेवटी नाव येतं. पण खरी गोम नराच्या पोटाच्या टोकाला. तिथे गळासारखे बारीक आकडे असतात, प्रत्येक स्पीशीजचे निराळे. ते बघायला पोट कापायचं, कोमट पोटॅशमध्ये ठेवायचं, आतलं मांस विरघळलं की सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. कापण्याची परवानगी फक्त सरांना आणि तिला. मदतनिसाने डिंक सांभाळावा.

१२ सप्टेंबर, संध्याकाळी ५

घाईत लिहितोय, अक्षर तसं आलंय.

न निवडलेल्या पेटीत एक नर सापडला. डोक्यावरून तिच्याच जीनसचा. पण पोटाच्या डाव्या बाजूला काळा, गोल फुगवटा. उजवीकडे काही नाही. तक्ता तीनदा वाचला. फुगवट्याचा उल्लेख कुठेही नाही. म्हणजे चौथी स्पीशीज. साठ वर्षांत कुणाच्या नजरेला पडली नाही, माझ्या पडली.

नाव ठरलं. तिचंच. लॅटिनमध्ये शेवटी थोडं वळण द्यावं लागतं, ते दिलं. दहा वेळा लिहून पाहिलं, मग पान फाडलं. फुगवट्याचं चित्र पेन्सिलीने काढलं, ते मात्र जपून ठेवलं.

१४ सप्टेंबर

भुंगेवाल्याने सहज सांगितलं, जणू सगळ्यांना ठाऊकच आहे. तिला परदेशातल्या संग्रहालयात जागा मिळाली. दोन वर्षं. प्रबंध अठ्ठावीसला जाणार, ती तीसला. मी म्हणालो, माहीत आहे. माहीत नव्हतं.

तरी बरंच झालं. जाण्याआधी जगात तिच्या नावाचा एक जीव असेल आणि तो माझ्या हातून. मग ती कुठेही जावो, मला हंगामी मदतनीस म्हणून तर आठवणार नाही. एवढंच हवंय. (याहून जास्त हवंय, पण आज एवढंच लिहितो.)

१५ सप्टेंबर, दुपारी १.५०

सगळे जेवायला गेले तेव्हा कापलं. परवानगी मागितली असती तर सरांनी नमुना हातातून घेऊन तिला दिला असता, आणि मग शोध कुणाचा?

पोटॅशमध्ये अर्धा तास. फुगवट्यातून एक तपकिरी पिशवी सुटून वर आली. चिपाडासारखी, पोकळ. घाण असावी. पोटॅशबरोबर बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला. फुगवट्याचं चित्र आधीच काढलेलं, काळजी नाही.

आता आकडे. तक्त्यातला प्रश्न सात : आकडे वाकडे की सरळ? माझ्या नराचे वाकडे नाहीत, सरळ नाहीत. जवळजवळ नाहीतच, नुसते खुंट. इथे तक्ताच खुंटतो.

१८ सप्टेंबर

वर्णन लिहून झालं, सहा पानं. आकड्यांच्या अभावाला दीड पान दिलंय.

रात्रीच्या जेवणाला ताईने कॉलेजात पुन्हा प्रवेश घेण्याचा फॉर्म ताटाशेजारी ठेवला. ऑफिसातून अर्धी रजा टाकून, रांगेत उभी राहून आणलेला. मुदत वीस तारीख. मी शांतपणे सांगितलं की ज्याचं नाव पुस्तकात येणार त्याला परीक्षेची गरज नसते. ती म्हणाली, पुस्तकात ये नाहीतर वर्तमानपत्रात, आधी इथे सही कर. बाबांनी मान वर केली नाही. बाबा म्हणाले, त्याला भूक नसेल तर उठू दे.

उठलो. निश्चय क्र. ३ मोडला, पण उठलो शांतपणे.

२० सप्टेंबर, संध्याकाळी ५.०५

पाचला कॉलेजातली खिडकी बंद झाली असेल. फॉर्म सकाळीच फाडला, ताईसमोर. असं केलं की मागचे दोर कापले जातात. ती म्हणाली, बरं. नुसतं बरं. डबा भरला आणि कामाला गेली. ओरडली असती तर मलाही काही बोलता आलं असतं.

२३ सप्टेंबर

सविस्तर लिहायलाच हवं.

अकरा वाजता सहा पानं, चित्र आणि नमुना सरांपुढे ठेवला. ती होती, भुंगेवालाही होता. साक्षीदार असलेले बरे. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. नावाचा कागद माझ्या खिशात घडी करून तयार.

सरांनी विचारलं, पोट तू कापलंस? मी म्हणालो, हो, आणि जबाबदारी माझी. ते म्हणाले, बस. मग म्हणाले, हा नवीन नाही रे, हा आजारी आहे. पोटात दुसऱ्याची अळी वाढत होती. एक बारीक गांधीलमाशी तुडतुड्याच्या अंगात अंडं घालते, अळी आतून त्याला खात खात मोठी होते आणि बाहेर असा फुगवटा दिसतो. अशा नराचे आकडे वाढत नाहीत, खुरटतात. तुझ्याआधी भल्याभल्यांनी असल्या रोग्यांना नवी नावं देऊन ठेवली आहेत, वाईट वाटून घेऊ नको.

भुंगेवाला हसला नाही. हसला असता तर हात उचलला असता. ती संधीही गेली.

आणि मग ती उठली. माझं चित्र उचलून खिडकीशी नेलं, परत आली, थेट माझ्या टेबलापाशी. वीस दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, या जीनसमध्ये परजीवी आजवर कुणालाच सापडलेला नाही, कळतंय का तुला? अरे, हे माझ्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं पान झालं असतं. होईल अजून. त्या अळीची पिशवी कुठेय? तिचा हात माझ्या हाताशेजारी टेबलावर होता. म्हणाली, दे ना, कुठे ठेवलीस? इतकं मऊ आजवर माझ्याशी कुणी बोललं नाही.

मी सांगितलं, बेसिनमध्ये.

तिने विचारलं, कुठल्या?

भुंगेवाल्याने बाह्या वर करून बेसिनखालचा पाइप उघडला. ती चहाच्या गाळणीत गाळ धुऊन धुऊन बघत होती. आठ दिवस त्या बेसिनमधून पाणी गेलं होतं. मी टॉर्च धरला. सव्वा तास धरला. मध्येच ती म्हणाली, हलवू नको. शेवटी तिने रिकामी गाळणी धुऊन जागेवर ठेवली.

२५ सप्टेंबर

आज तिने मला तुम्ही म्हटलं. तुम्ही ती पेटी इकडे द्याल का, असं. कामामुळे आदर वाढला असं धरायला हरकत नव्हती. पण दुपारी पाइप नीट बसवायला प्लंबर आला, त्यालाही ती त्याच आवाजात तुम्ही म्हणाली.

कापण्याच्या सुयांना कुलूप. किल्ली भुंगेवाल्याकडे.

२६ सप्टेंबर

कॉलेजात जाऊन आलो, नुसतं विचारायला. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, पुढच्या वर्षी या. मुदत वाढवत नाही का कधी, विचारलं. म्हणाल्या, वाढवली होती ना, वीसपर्यंत.

ताईला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

२९ सप्टेंबर

तिचा शेवटचा दिवस. प्रबंध काल गेला. त्यात माझा तुडतुडा पान एकशे बारावर आहे, पाहिलं. अर्धी ओळ : एक नर, रोगट, पुरावा अपुरा, विचारात घेतला नाही.

निरोपाला सरांनी केक आणला होता. मी खिशातला कागद द्यायचा ठरवलं होतं. नवीन स्पीशीज नसली तरी नाव तर सुंदर होतं. ती सगळ्यांशी बोलत बोलत माझ्यापर्यंत आली आणि तिच्याच हातात एक टाचणी होती, तोच नर. म्हणाली, याचं लेबल राहिलंय, पेटी आज सील होणार.

सरांनी नियम सांगितला. नमुना ज्याने कापला त्याचं नाव लेबलावर द्यावंच लागतं, आणि एकदा टाचणीत गेलेलं लेबल पुन्हा कुणी काढत नाही. पुढे कधीही, कुणीही.

बारीक निबेचं पेन घेतलं. पहिली ओळ : परजीवीची पिशवी नष्ट. दुसरी ओळ : कापणारा. पुढे माझं पूर्ण नाव बसेना. विचारलं, आडनाव नुसतं चालेल का? ती घड्याळाकडे बघत म्हणाली, नको, पूर्णच हवं, दोन ओळींत लिहा.

लिहिलं.